उभ्या हायब्रिड गाडीची बॅटरी उतरते तेव्हा

हायब्रिड गाडी काही दिवस उभी राहिली आणि नंतर बटण दाबूनही जागी झाली नाही, की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो मोठ्या बॅटरीचा. ती महाग असते, तिच्याविषयी बऱ्यावाईट ऐकीव गोष्टी कानावर आलेल्या असतात आणि गाडीचे वेगळेपणही तिच्यामुळेच असते, त्यामुळे संशयाची सुई तिच्याकडे वळणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मात्र उभ्या गाडीत उतरते ती जवळजवळ नेहमीच दुसरी, लहान, १२ व्होल्टची बॅटरी. माझ्या गाडीने हा त्रास दिला तेव्हा जिथे जिथे विचारले तिथे "लहान बॅटरी बदलून टाका" एवढेच उत्तर मिळाले. बॅटरी बदलली, आणि नवी बॅटरीही तशीच उतरली. बॅटरी बदलणे हा उपाय झाला. ती का उतरते याचे उत्तर मोजमापाशिवाय मिळत नाही, आणि हायब्रिड गाडीत हे मोजमाप साध्या गाडीपेक्षा थोडे अधिक जपून करावे लागते. ते कसे करावे, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

पूर्ण हायब्रिड गाडीत, म्हणजे जी थोडे अंतर नुसत्या विजेवरही चालू शकते तिच्यात, दोन वेगवेगळ्या विद्युत व्यवस्था असतात. मोठी बॅटरी, जिला ट्रॅक्शन बॅटरी म्हणतात, ती बहुधा शंभर-दोनशे व्होल्टच्या वरची असते. टोयोटा प्रियसच्या दुसऱ्या पिढीत, उदाहरणार्थ, प्रत्येकी ७.२ व्होल्टचे २८ मॉड्यूल ओळीने जोडून २०१.६ व्होल्ट मिळवलेले होते. ही बॅटरी आणि उरलेली गाडी यांच्यामध्ये भक्कम रिले, म्हणजे विजेने उघड-बंद होणारे स्विच, बसवलेले असतात. त्या रिलेची कॉइल १२ व्होल्टवर चालते. गाडी बंद केली की कॉइलमधला प्रवाह थांबतो, आतली स्प्रिंग संपर्क उघडते आणि मोठी बॅटरी गाडीपासून पूर्णपणे तुटते. म्हणूनच उभ्या गाडीतला दिवा, रेडिओ किंवा अलार्म यांपैकी कोणालाही तिच्यातून वीज घेता येत नाही. ती उतरलीच तर स्वतःच्या अंतर्गत झिजेमुळे, आणि तीही अतिशय सावकाश. काही नव्या प्लग-इन (बाहेरून चार्ज करता येणाऱ्या) गाड्या उभ्या असतानाही अधूनमधून हे रिले स्वतःहून जोडून लहान बॅटरीत भर घालतात, पण ती सोय सरसकट नाही.

लहान बॅटरीचे काम साध्या गाडीतल्या बॅटरीहून अगदी निराळे आहे, आणि सगळी गफलत इथूनच सुरू होते. साध्या गाडीत बॅटरी स्टार्टर फिरवते, त्यासाठी क्षणभर शंभर-दोनशे अँपिअर देते, आणि म्हातारी झाली की स्टार्टर रेंगाळत फिरू लागतो. ती आपल्याला मिळणारी आगाऊ सूचना असते. पूर्ण हायब्रिड गाडीत इंजिन फिरवते ती मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटर. लहान बॅटरीला फक्त संगणक जागे करायचे असतात आणि ते रिले ओढायचे असतात. एवढे काम निम्मी अर्धी संपलेली बॅटरीही बिनबोभाट करते. शिवाय ती मुळातच लहान, बहुतेक वेळा ३५ ते ४५ अँपिअर-अवर क्षमतेची असते. परिणामी ती महिनोन्‌महिने खंगत जाते, गाडी चालवताना त्याचा मागमूस लागत नाही, आणि एके दिवशी गाडी काहीही पूर्वसूचना न देता गप्प होते. सौम्य हायब्रिड गाड्यांची, ज्यांत छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते, गोष्ट वेगळी. त्यांतल्या अनेकांत १२ व्होल्टचा स्टार्टर असतोच, त्यामुळे तिथे जुने ठोकताळे बरेचसे लागू पडतात.

आणखी एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. पूर्ण हायब्रिड गाडीत अल्टरनेटर नसतो. मोठ्या बॅटरीचा दाब (व्होल्टेज) उतरवून लहान बॅटरी भरण्याचे काम डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो, आणि तो गाडी 'रेडी' अवस्थेत, म्हणजे ब्रेक दाबून बटण दाबल्यावर चालायला तयार, असतानाच चालतो. ब्रेक न दाबता बटण दाबून नुसता रेडिओ ऐकत बसले, तर डॅशबोर्ड उजळलेला असतो, पंखाही फिरत असतो, पण भरणा शून्य. सगळा भार लहान बॅटरीवर पडतो. मोठी बॅटरी शेजारी भरलेली असूनही तिचा काही उपयोग होत नाही.

लहान बॅटरी उतरल्याची लक्षणे फसवी असतात. दाब ११ व्होल्टच्या आसपास घसरला की वेगवेगळे संगणक वेगवेगळ्या क्षणी बंद पडू लागतात, एकमेकांचे संदेश त्यांना मिळेनासे होतात, आणि मग ब्रेक, स्टिअरिंग, हायब्रिड प्रणाली अशा सगळ्यांचे इशारादिवे एकदम पेटतात. रिले टिकटिकतात, पडदा उजळून विझतो. अशा वेळी स्कॅनर (गाडीच्या संगणकांतली माहिती वाचणारे यंत्र) लावला तर दोषसंकेतांची मोठी यादी निघते आणि ती वाचून माणूस घाबरतो. अशा यादीवर विश्वास ठेवू नये. लहान बॅटरी पूर्ण भरून, संकेत पुसून, गाडी चालवून जे संकेत परत येतील तेवढेच खरे मानावेत. बाकीचे कमी दाबामुळे उठलेली ओरड असते.

निदानाची सुरुवात बॅटरीपासून करावी, कारण ती स्वतःच वीज धरून ठेवत नसेल तर गळती शोधण्यात अर्थ नाही. आधी ती योग्य चार्जरने पूर्ण भरावी. हायब्रिड गाड्यांत ही बॅटरी बऱ्याचदा डिकीत किंवा मागच्या आसनाखाली असते, आणि प्रवाशांच्या जवळ असल्यामुळे ती एजीएम प्रकारची (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून ठेवलेली, सीलबंद), बाहेर वायू सोडणारी बारीक नळी जोडलेली असते. ती नळी बॅटरी काढताना निघाली तर परत लावायला विसरू नये. चार्जरला एजीएमची व्यवस्था असावी आणि प्रवाह माफक असावा. भरल्यानंतर बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवून ती काही तास, शक्य तर रात्रभर, तशीच राहू द्यावी. भरल्याबरोबर मोजलेला दाब हा पृष्ठभागावरचा असतो आणि तो नेहमी जास्त दिसतो. विश्रांतीनंतर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० च्या खाली ती जवळजवळ रिकामी. तोडून ठेवलेल्या बॅटरीचा दाब आणखी एका दिवसात ठळकपणे घसरला, तर चोर बॅटरीच्या आतच आहे आणि पुढचे काही वाचायची गरज नाही. नुसता दाब मात्र पुरेसा नसतो. जुनी बॅटरी दाब नीट दाखवते आणि क्षमता निम्मी गमावून बसलेली असते, म्हणून तिची भार देऊन किंवा बॅटरी टेस्टरने चाचणी करून घ्यावी.

दुसरा प्रश्न भरण्याचा, आणि तो चुटकीसरशी सुटतो. गाडी रेडी करून बॅटरीच्या टोकांवर दाब मोजावा. साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळाले तर कन्व्हर्टर काम करतो आहे. १२ च्या घरातच राहिला तर दोष भरण्याच्या बाजूला आहे. काही गाड्या बॅटरी भरल्यावर दाब मुद्दाम खाली आणतात, तेव्हा एकाच वाचनावरून निकाल देऊ नये.

हे दोन्ही प्रश्न निकालात निघाले की उरते ती गळती. बंद गाडी काहीच वीज घेत नाही असे नाही. घड्याळ, अलार्म, चावीची वाट पाहणारा रिसीव्हर, संगणकांची स्मृती यांना थोडी वीज लागतेच. निरोगी गाडीत हा प्रवाह बहुधा २० ते ५० मिलिअँपिअर असतो. हिशेब करून पाहावा: ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, म्हणजे ४५ अँपिअर-अवरची बॅटरी निम्मी होण्यास अडीच आठवड्यांहून अधिक काळ लागतो. तोच प्रवाह ३०० मिलिअँपिअर असला तर दिवसाला ७.२ अँपिअर-अवर जातात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बॅटरी निम्मी रिकामी होते. हा हिशेब आधी मांडण्याचा फायदा असा, की गाडी किती दिवसांत उतरते यावरून किती मोठा प्रवाह शोधायचा आहे त्याचा अंदाज येतो. महिनाभराने उतरणाऱ्या गाडीत कदाचित दोषच नसतो. तिची बॅटरी लहान आहे आणि ती फार काळ उभी आहे, इतकेच.

आता प्रत्यक्ष मोजणी. गाडी बंद करून कुलूप लावल्यावर सगळे संगणक ताबडतोब झोपत नाहीत. कोणी काही सेकंदांत, कोणी काही मिनिटांत, तर कोणी अर्ध्या-पाऊण तासाने. मीटर जोडून लगेच आकडा पाहिला तर दोन-तीन अँपिअर दिसतात आणि गळती सापडल्याचा आनंद होतो. तो आकडा निरर्थक असतो. गाडीला झोपण्यासाठी किमान तासभर द्यावा. त्या काळात चावी गाडीपासून चांगली लांब ठेवावी, कारण चावी टप्प्यात आली की रिसीव्हर तिच्याशी बोलू लागतो. दार किंवा डिकी उघडी ठेवून काम करायचे असेल तर कुलपातले लॅच स्क्रूड्रायव्हरने फिरवून बंद स्थितीत आणावे, म्हणजे गाडीला दार लागले आहे असे वाटते. काम झाल्यावर दार लावण्याआधी हँडल ओढून ते लॅच मोकळे करायचे, हे विसरले तर लॅचचे नुकसान होते.

मीटर निगेटिव्ह बाजूला ओळीत (सीरिजमध्ये) जोडावा लागतो, आणि इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. निगेटिव्ह टोक सरळ काढून मधे मीटर जोडला, तर त्या क्षणी साऱ्या गाडीची वीज तुटते. अडकून पडलेला एखादा संगणक त्यामुळे नव्याने सुरू होतो, शहाण्यासारखा झोपतो, आणि मोजमापात गळती दिसतच नाही. दोष निघून गेलेला नसतो, आपण त्याला तात्पुरता गप्प केलेला असतो. म्हणून टोक काढण्याआधीच बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि त्या टोकाची केबल यांच्यामध्ये एक जाड पर्यायी तार पकडीच्या चिमट्यांनी घट्ट जोडावी, मग टोक सैल करून वर उचलावे. वीज तारेतून चालू राहते. गाडी झोपली की तारेच्या समांतर मीटर दहा अँपिअरच्या पट्टीवर (रेंजवर) लावावा आणि मग तार काढावी. मीटर ओळीत असताना दार उघडू नये. टोयोटाच्या अनेक हायब्रिड गाड्यांत चालकाचे दार उघडताच ब्रेकचा पंप गुरगुरू लागतो आणि तेवढ्याने मीटरचा फ्यूज उडू शकतो. आणि मीटर ओळीत असताना गाडी रेडी तर मुळीच करू नये, कारण कन्व्हर्टर बॅटरीत कित्येक अँपिअर ढकलू लागतो. हे सगळे नको असेल तर थेट प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर केबलभोवती अडकवावा. त्यात काहीच तोडावे लागत नाही, पण स्वस्त क्लॅम्प मीटर मिलिअँपिअरच्या पातळीवर भरकटतो, त्यामुळे मोजण्याआधी शून्य करून घेणे आणि कमी पट्टीचा मीटर निवडणे आवश्यक आहे.

गळती दिसली की ती कोणत्या वाटेने जाते ते शोधायचे. फ्यूज एकेक करून उपटायचे आणि प्रवाह कधी पडतो ते पाहायचे, ही जुनी रीत. संगणकांनी भरलेल्या गाडीत ती रीत घात करते: फ्यूज काढला की एखादा संगणक मरतो, परत लावला की दहा जणांना जागे करतो, आणि पुन्हा तासभर थांबावे लागते. त्यापेक्षा फ्यूजला हात न लावता त्याच्यावरचा दाब मोजावा. प्रत्येक फ्यूजला किंचित रोध असतो; १० अँपिअरच्या छोट्या पात्याच्या फ्यूजचा सुमारे साडेसात मिलिओहम. त्यातून १०० मिलिअँपिअर वाहत असतील तर त्याच्या दोन टोकांत साधारण पाऊण मिलिव्होल्टचा फरक पडतो. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात, तिथे मीटरच्या टोकदार सळ्या टेकवून मिलिव्होल्टची पट्टी वाचता येते. मीटर ०.१ मिलिव्होल्टपर्यंत वाचणारा हवा. झोपलेल्या गाडीत एकामागून एक फ्यूज ०.० दाखवत जातात, आणि ज्याच्यावर आकडा उमटतो त्याच्या मागे वीज वाहते आहे. मोठ्या अँपिअरच्या फ्यूजचा रोध कमी असतो, म्हणून तिथे तेवढ्याच प्रवाहाला आकडा लहान येतो, हे लक्षात ठेवावे.

या मोजणीतून जे कळते ते फ्यूज उपटून कधीच कळत नाही. एकाच फ्यूजवर आकडा असेल तर त्या वाटेवरचे एखादे उपकरण चालू राहिले आहे: डॅशबोर्डमधल्या कप्प्यातला (ग्लोव्ह बॉक्समधला) दिवा, चिकटलेला रिले, ध्वनियंत्रणेचा अँप्लिफायर, बाहेरून बसवलेला अलार्म. पण एकाच वेळी सात-आठ फ्यूजवर थोडा थोडा आकडा दिसत असेल, तर त्या सगळ्यांत दोष नसतो. गाडीचे अंतर्गत संपर्कजाळेच झोपलेले नसते आणि कोणीतरी एक जण सगळ्यांना जागे ठेवत असतो. अशा वेळी प्रश्न "वीज कोण घेतो" असा न विचारता "गाडीला जागे कोण करतो" असा विचारावा लागतो.

माझ्या गाडीत प्रकरण नेमके असेच होते, आणि ते सापडायला वेळ लागण्याचे कारण मोजण्याच्या पद्धतीतच दडलेले होते. बॅटरी डिकीत, म्हणून डिकी उघडी, लॅच स्क्रूड्रायव्हरने फिरवलेले. वर सांगितल्याप्रमाणे सगळे यथासांग केले. तासाभराने आकडा ३० मिलिअँपिअरवर स्थिरावला आणि तिथेच राहिला. गाडी निर्दोष ठरली, आणि तरीही उतरत राहिली. तेव्हा बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूला शंटवर (प्रवाह मोजण्यासाठी वाटेत बसवलेल्या अगदी कमी रोधाच्या तुकड्यावर) चालणारा, नोंद ठेवणारा छोटा मॉनिटर बसवला, डिकी नेहमीसारखी लावली आणि रात्रभराचा आलेख दुसऱ्या दिवशी पाहिला. सपाट रेषेवर मधूनच दोन अँपिअरचे उंचवटे होते, प्रत्येक काही मिनिटांचा, त्यांच्यामधले अंतर अनियमित. सरासरी काढली तर ती ३०० मिलिअँपिअरच्या वर जात होती. गाडी झोपत होती, पण तिला कोणीतरी वारंवार उठवत होते, आणि तेही फक्त डिकी लागलेली असताना.

मॉनिटरवर प्रवाह चढलेला पाहून आतल्या फ्यूजबॉक्सवर मिलिव्होल्ट मोजले. अनेक फ्यूजवर एकदमच एक-दीड मिलिव्होल्ट दिसत होते. म्हणजे जाळे जागे होते. मग स्कॅनर लावून दारांच्या स्विचची थेट माहिती पडद्यावर आणली आणि लावलेल्या डिकीच्या झाकणावर तळहाताने हलकेच थापटले. पडद्यावर 'बंद'चे 'उघडे' झाले आणि लगेच पुन्हा 'बंद'. आणखी थापटले, पुन्हा तेच. लॅचच्या आतला मायक्रोस्विच झिजला होता. झाकणाच्या रबराचा दाब आणि रात्रीच्या गारव्यात पत्र्याचे आकसणे एवढ्यावर त्याचा संपर्क सुटत होता, प्रत्येक वेळी गाडीला डिकी उघडल्याचा भास होत होता आणि सगळे संगणक उठून बसत होते. डिकी उघडी ठेवून स्क्रूड्रायव्हरने लॅच पक्के फिरवले की मात्र तोच स्विच घट्ट बसत होता. डिकीतला दिवा क्षणभर लागून विझत असणार, पण बंद डिकीतला दिवा पाहणार कोण? लॅच बदलल्यावर आलेखातले उंचवटे गेले.

या अनुभवामुळे माझे मत असे झाले आहे, की एका क्षणाचे वाचन हे फक्त सतत चालणाऱ्या गळतीसाठी उपयोगी आहे. जागे होण्याच्या दोषांना रात्रभराची नोंदच लागते, आणि ती गाडी नेहमी जशी उभी असते अगदी तशीच उभी ठेवून घ्यावी लागते. किमान बॅटरीचा दाब नोंदवणारा, ब्लूटूथवर चालणारा मॉनिटर तरी लावावा. तो प्रवाह सांगत नाही, पण दाबाच्या रेषेत पडलेले खड्डे कोणत्या वेळी पडले ते सांगतो, आणि वेळेवरून पुष्कळ काही ओळखता येते.

अर्थात प्रत्येक उंचवटा दोष नसतो. टोयोटाच्या अनेक पेट्रोल गाड्यांत बंद केल्यानंतर सुमारे पाच तासांनी संगणक आपोआप उठतो आणि इंधनाच्या वाफेची गळती तपासण्यासाठी छोटा पंप चालवतो. ते पाहून दचकायचे कारण नाही. इतर काही कारणे मात्र मालकाच्या सवयींत असतात. चावी गाडीलगतच्या भिंतीवर टांगली असेल तर गाडी आणि चावी एकमेकांना सतत हाका मारत राहतात. टोयोटाच्या बऱ्याच स्मार्ट चाव्यांत कुलूप लावण्याचे बटण दाबून धरून उघडण्याचे बटण दोनदा दाबले की चावीचा दिवा चार वेळा लुकलुकतो आणि चावी प्रक्षेपण थांबवते. गाडी फारशी वापरात नसताना ही सोय उपयोगी पडते. फोनवरच्या ॲपमधून गाडीची अवस्था वरचेवर पाहणे म्हणजेही दर वेळी तिला झोपेतून उठवणे आहे. उभ्या गाडीवर डॅशकॅमने ठेवलेली नजर (पार्किंग मोड) तर रात्रभर शे-दोनशे मिलिअँपिअर सहज घेते. आणि निदानाच्या सॉकेटमध्ये कायम खोचून ठेवलेले जीपीएस किंवा मायलेज दाखवणारे यंत्र हे माझ्या मते सर्वांत लबाड: त्याचा स्वतःचा खप किरकोळ असतो, पण ते गाडीच्या संगणकांना प्रश्न विचारत राहते आणि त्यांना झोपू देत नाही. गळती शोधायला बसण्याआधी बाहेरून लावलेले असे प्रत्येक उपकरण काढून एक रात्र नोंद घेतली, तर बहुतेक वेळा पुढचे कष्ट वाचतात.

मोठ्या बॅटरीवर संशय कधी घ्यावा? गाडी रेडी होते, लहान बॅटरी चांगली आहे, पण रात्री भरलेल्या दिसणाऱ्या मोठ्या बॅटरीच्या पट्ट्या सकाळी कमी दिसतात, अशी तक्रार असेल तेव्हा. त्यातही थोडी घट नैसर्गिक असते, कारण संगणक विश्रांतीनंतरच्या दाबावरून आपला अंदाज नव्याने बांधतो. निकेल-मेटल हायड्राइड बॅटऱ्या लिथियम-आयनपेक्षा उभ्या उभ्या जास्त झिरपतात, हेही लक्षात घ्यावे. खरा दोष ओळखायचा तर स्कॅनरवर प्रत्येक गटाचा दाब पाहावा. प्रियसच्या त्याच दुसऱ्या पिढीत २८ मॉड्यूलचे दोन-दोनाचे १४ गट वाचता येतात. एक गट इतरांपेक्षा सातत्याने १.२ व्होल्टच्या आसपास मागे राहत असेल, तर त्यातला एक सेल मेला असण्याची दाट शक्यता आहे, कारण निकेल सेलचा नाममात्र दाबच तेवढा असतो. यापुढचे काम घरी करण्याचे नाही. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलमागचा दाब जीव घेऊ शकतो. सर्व्हिस प्लग (मोठी बॅटरी हाताने तोडण्याचा खटका) काढल्यावरही कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबावे लागते आणि १००० व्होल्टसाठी मान्य केलेले रबरी हातमोजे घालावे लागतात. मोठी बॅटरी खरोखरच रिकामी झाली असेल, तर बाहेरून १२ व्होल्ट जोडून पूर्ण हायब्रिड गाडी चालू होत नाही, कारण इंजिन फिरवणारी मोटर त्या १२ व्होल्टवर चालतच नाही.

उतरलेली गाडी जागी करताना घाई नडते. बॅटरी मागे असली तरी बऱ्याच गाड्यांत बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समध्ये पॉझिटिव्ह जोडणीची जागा दिलेली असते आणि निगेटिव्ह इंजिनजवळच्या उघड्या धातूवर लावायचे असते. तारा उलट जोडल्या गेल्या तर कन्व्हर्टर आणि संगणक एका क्षणात जातात, आणि तो खर्च बॅटरीच्या कितीतरी पट असतो. आपली हायब्रिड गाडी वापरून दुसऱ्याची मोठ्या इंजिनाची गाडी चालू करून देण्याचा परोपकारही टाळावा. ज्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर सेन्सर बसवलेला असतो, तिथे चार्जरचा निगेटिव्ह चिमटा सेन्सरच्या पलीकडे, गाडीच्या सांगाड्याला लावावा, नाहीतर संगणकाला भरण्याचा हिशेब कळत नाही. ह्युंदाईच्या आयोनिक हायब्रिडसारख्या काही गाड्यांत १२ व्होल्टची लिथियम बॅटरी मोठ्या बॅटरीच्या पेटीतच असते आणि ती जास्त उतरण्याआधी स्वतःला तोडते; तिथे चार्जर शोधण्याआधी डॅशबोर्डवरचे रीसेटचे बटण दाबायचे असते.

एकदा तळापर्यंत उतरलेली शिशाची बॅटरी गाडी दहा मिनिटे रेडी ठेवून भरत नाही. ती वीज सावकाशच घेते, त्यामुळे तिला चार्जरवर रात्रभर ठेवणे उत्तम. गाडी रेडी ठेवूनच भरायची झाल्यास बंद गॅरेजमध्ये ते कधीही करू नये, कारण मोठी बॅटरी कमी झाली की इंजिन आपोआप सुरू होते. माझी नवी बॅटरी वारंवार तळाला गेल्यामुळे तिची क्षमता थोडी घटली आहे असे टेस्टर सांगतो, परंतु गळती थांबल्यापासून ती पुरेशी ठरते आहे.

गाडी अनेक आठवडे उभीच ठेवायची असेल तर मेंटेनर चार्जर (बॅटरी भरलेली राखणारा मंद चार्जर) जोडून ठेवावा, किंवा लहान बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवून ठेवावे. मोठ्या बॅटरीसाठी दोन-तीन महिन्यांतून एकदा अर्धा तास गाडी चालवली तरी भागते. टोक सोडवण्याआधी मात्र एक गोष्ट तपासून पाहावी: बॅटरी डिकीत असेल आणि डिकीचे कुलूप विजेवर उघडणारे असेल, तर टोक काढून झाकण लावल्यावर ते बटणाने उघडणार नाही. चावीच्या पोटातली धातूची छोटी किल्ली चालकाच्या दाराला लागते का आणि आतून डिकी उघडण्याची खटकी कुठे आहे, हे वीज असतानाच करून पाहिलेले बरे.